हवा मोजायची तर मुलाच्या उंचीवर मोजा

सोलापूरची हवा आज ‘समाधानकारक’ आहे, असे मोबाइल सांगतो. हा शब्द कसा तयार होतो ते आधी पाहू. समजा, एखाद्या दिवशी साडेतेवीस तास पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम राहिले. सकाळचा अर्धा तास मात्र शाळेच्या फाटकासमोर ते ३०० वर गेले. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षा आणि व्हॅन, पालकांच्या दुचाक्या, कोपऱ्यावर कुणीतरी पेटवून दिलेला पालापाचोळा, एवढे पुरते. आता चोवीस तासांची सरासरी काढा. उत्तर येते ४५ आणि थोडे. राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकाच्या तक्त्यात ३१ ते ६० हा पट्टा ‘समाधानकारक’. दम्याच्या मुलाला जो अर्धा तास भोवणार होता, तो सरासरीत विरघळून गेला.

दुसरी गोष्ट उंचीची. हवेचा नमुना घेणाऱ्या यंत्राचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटरवर असावे, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. शहराची एकूण हवा कळण्यासाठी तो योग्यच आहे. पण पहिलीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असते आणि रिक्षाचा सायलेन्सर वीत-दोन वीत वर. मोठ्या माणसाच्या नाकाशी पोहोचेपर्यंत धूर थोडा तरी पातळ झालेला असतो. मुलाला तो ताजा मिळतो.

सोलापुरात हवेची चर्चा होते ती सरासरीवर, आणि आजाराची चर्चा होतच नाही, कारण आजार कागदावर त्याच्या नावाने येत नाही. मूल जिथे श्वास घेते तिथे हवा मोजली जात नाही, आणि मूल जिथे उपचाराला जाते तिथे ‘दमा’ लिहिला जात नाही. या दोन रिकाम्या जागा एकमेकींना सांभाळून घेतात. हवेचा त्रास आहे म्हणावे तर रुग्णांचे आकडे नाहीत. रुग्ण आहेत म्हणावे तर त्या गल्लीतल्या हवेचे आकडे नाहीत. मग पैसा जातो तो ज्याचे आकडे आहेत तिकडे.

तो कुठे जातो, तेही पाहू. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानके सलग पाच वर्षे न गाठणाऱ्या शहरांची यादी झाली, तीत सोलापूरही आले. सुरुवातीला २०२४ पर्यंत कणप्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे ठरले, पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे उद्दिष्ट वाढले. परंतु शहरांची कामगिरी तपासली जाते ती प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे तुलनेने जाड धुळीवर. परिणाम व्हायचा तोच झाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये देशभरचा हिशेब मांडला, तेव्हा खर्चातला ६४ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीसाठी गेलेला होता. वाहनांसाठी साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आणि उद्योगांसाठी एक टक्कासुद्धा नाही. रस्ते, पेव्हर ब्लॉक, झाडणारी यंत्रे, कारंजी. जे दिसते, ज्याचे उद्घाटन करता येते, ते झाले.

धूळ निरुपद्रवी आहे, असे कुणी म्हणणार नाही, सोलापुरात तर नाहीच. कमी पावसाचा, काळ्या मातीचा मुलूख. वर्षातून आठ महिने जमीन कोरडी. रस्त्याच्या धुळीत टायर आणि ब्रेकचा चुराही असतो. पण जाड धूळ बरीचशी नाकात आणि घशात अडकते. श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जाणारे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात आणि ते बहुतांश जळण्यातून येतात : डिझेल, लाकूड, कचरा, तंबाखू, फटाके. त्यांच्या जोडीला वाहनांचा नायट्रोजन डायऑक्साइड. बालदम्याशी सर्वांत पक्के नाते जुळलेले आहे ते या दोघांचे. खराटा कितीही मारला तरी यांतले काही कमी होत नाही.

खराट्याचाच विषय निघाला आहे तर तेही सांगून टाकू. कोरडा खराटा सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत फिरतो, म्हणजे नेमका मुले बाहेर पडण्याच्या वेळेला. रस्त्याच्या मध्यावरची बारीक माती तो कडेला नेऊन ठेवतो. पहिली एसटी गेली की ती पुन्हा मध्यावर. खरा उगम असतो डांबराच्या आणि गटाराच्या मधला मातीचा पट्टा. तो जोवर फरशीने किंवा गवताने बंद होत नाही, तोवर झाडणे म्हणजे रोज तीच माती इकडची तिकडे. पाणी मारले तर एप्रिलच्या उन्हात त्याचा परिणाम तास-दोन तासांत सुकून जातो. आणि जिथे नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते त्या शहरात रस्त्यावर पिण्याचे पाणी ओतणे शोभतही नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले पाणी वापरा आणि झाडण्याची वेळ पहाटे पाचच्या आत आणा. दुसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही, फक्त पाळ्यांचा तक्ता बदलावा लागतो.

मुलाच्या छातीत नेमके काय होते, ते समजले की अर्ध्या तासाचे महत्त्व पटते. पाच वर्षांचे मूल शांत बसलेले असतानाही मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेते, मोठा माणूस बारा ते सोळा. वजनाच्या मानाने मूल जास्त हवा आत ओढते, म्हणून घाणही जास्त. त्यात त्याच्या श्वासनलिका मुळात अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. त्यामुळे ज्या सुजेने मोठ्याला नुसता खोकला येईल, तेवढ्याच सुजेने मुलाचे पोट उडू लागते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. दम्याच्या नलिका आधीच चिडलेल्या असतात. धुराने आतले अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. यातले आवळणे काही मिनिटांत होते, सूज मात्र पुढचे काही दिवस वाढत राहते. म्हणून सोमवारच्या धुराचा त्रास बुधवारी रात्री दिसतो आणि आई म्हणते, ‘काल रात्री काही नव्हते, आज अचानक धाप लागली.’

आता हवा सोलापूरची. आपल्याकडे उंच चिमण्यांची धास्ती मोठी, कारण त्या लांबून दिसतात. त्यांच्यावर लक्ष हवेच. पण उंच चिमणी धूर लांब नेऊन पातळ करते. मुलाच्या नाकाशी हिशेब असतो तो जवळच्या बुटक्या धुराड्याचा. पर्यावरण संरक्षण नियमांत तासाला दोन टनांहून कमी वाफ देणाऱ्या बॉयलरला दर घनमीटर धुरात १२०० मिलिग्रॅमपर्यंत कण सोडायची मुभा आहे. २०१७ नंतर बसवलेल्या औष्णिक वीजसंचाला हीच मर्यादा ३० मिलिग्रॅम. वीजसंचातून बाहेर पडणारा धूर अर्थातच प्रचंड, ही तुलना सरळसोट नाही. पण वस्तीला लागून असलेल्या रंगाईच्या छोट्या बॉयलरचा घनमीटरभर धूर किती दाट असू शकतो, ते त्यातून कळते. सर्वांत वाईट वेळ सकाळी बॉयलर पेटवतानाची. भट्टी थंड, लाकूड ओले, इंधन घालायला दार सारखे उघडे. पंधरा-वीस मिनिटे काळा धूर. बऱ्याच ठिकाणी सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून राख वेगळी करणारे नळकांडे, बसवून काम भागवतात. सायक्लोन जाड राख पकडतो, बारीक कण त्यातून सुखरूप निघून जातात. कापडी पिशव्यांचा फिल्टर ते पकडतो, पण लाकडाच्या ठिणग्यांनी पिशव्या जळतात आणि ओल्या इंधनाच्या वाफेने त्या लिंपतात. मग चालक फिल्टर टाळून धूर सोडणारी बायपासची झडप उघडून ठेवतो आणि तपासणीच्या दिवशी बंद करतो. फिल्टरच्या आधी ठिणगी अडवणारा कप्पा आणि इंधन वाळवायला छप्पर, या दोन गोष्टी नसतील तर फिल्टरचे पैसे फुकट जातात. लहान कारखान्यांना हे एकेकट्याने झेपणारे नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. म्हणूनच स्वच्छ हवेच्या निधीतून अक्कलकोट रोडसारख्या औद्योगिक वसाहतीत चार-सहा कारखान्यांना मिळून एक सामायिक बॉयलर देणे, हे एखाद्या चौकातल्या कारंज्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

पूर्व भागात घर आणि कारखाना यांच्यामध्ये कधीकधी भिंतही एकच असते. टॉवेल आणि चादरीच्या मागांवरून उडणारे कापसाचे तंतू, त्यावरच्या जंतूंचे अंश, हे यंत्रमाग कामगाराच्या फुप्फुसाला काय करतात ते वैद्यकाला कधीच ठाऊक आहे : सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जड होते, पुढे ते कायमचे दुखणे बनते. लगतच्या खोलीतल्या दमेकरी मुलापर्यंत ही हवा दारातून, खिडकीतून जाते. माग साफ करताना कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकायची पद्धत सर्वत्र आहे. तिने माग स्वच्छ होतो आणि तंतू शेडभर, अंगणभर होतात. तेच काम ओढून घेणाऱ्या यंत्राने केले, निदान फुंकण्याच्या वेळी घराकडचे दार लावले आणि मुले शाळेत असताना केले, तरी फरक पडतो.

विड्यांचे तसेच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, फर्म्याने कापायची, भरायची, दोऱ्याने बांधायची. हजार विड्यांच्या मागे मजुरी, त्यामुळे हात थांबत नाही. सूप हलले की तंबाखूची भुकटी उडते. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच अभ्यास, तिथेच रात्री अंथरूण. ‘घरात विड्या वळू नका’ असा सल्ला दवाखान्यात सहज दिला जातो, आणि तो ऐकणारी बाई मनात काय म्हणत असेल ते सांगायला नको. घर चालते ते त्या सुपावर. घरी बसून काम असल्यामुळे तर तिला मूल सांभाळता येते. म्हणून मागणी करायची ती वस्तीतल्या सामायिक कामाच्या शेडची : दोन्ही बाजूंनी खिडक्या, एक्झॉस्ट पंखा, आणि त्याच आवारात पाळणाघर. पाळणाघर नसेल तर शेड ओस पडेल, हे आत्ताच लिहून ठेवावे. विडी घरकुलसारख्या, कामगारांसाठीच उभ्या राहिलेल्या वसाहतींत हे करता येण्यासारखे आहे. तोवर घरच्या घरी एवढे शक्य आहे : तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीबाहेर आणि तोंड बांधून, सूप पाखडायचे ते दाराबाहेर, आणि काम झाल्यावर जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

घरातला आणखी एक धूर आपण मोजतच नाही. गॅस आला, चूल गेली, पण अंघोळीच्या पाण्याचा बंब राहिला. त्यात लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, वह्यांचे कागद आणि गिरणगावच्या परंपरेला जागून चिंध्या. सुती चिंधी एकवेळ ठीक. हल्लीच्या चिंधीत पॉलिस्टर असते आणि रंगही. डासांची एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण सोडते, हे २००३ मध्येच मोजले गेले आहे. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी ती रात्रभर जळते. मच्छरदाणी लावा, हा सल्ला फार साधा असल्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

थंडीत हे सगळे एकत्र येते. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार थराचे झाकण. बंबाचा, बॉयलरचा, शेकोटीचा, बांधावर पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो आणि ऊन वर येऊन नऊ-साडेनऊ वाजेपर्यंत हलत नाही. सकाळच्या सत्रातली शाळा बरोबर या झाकणाखाली भरते. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तो मुलांच्या झोपेसाठी. हवेच्या दृष्टीने तो नकळत झालेला फार चांगला निर्णय आहे. वाहनांच्या पाळ्या बसत नाहीत म्हणून त्यातून पळवाट शोधणाऱ्या संस्थांना हे दुसरे कारण कुणीतरी सांगायला हवे.

‘सोलापूर म्हणजे काय दिल्ली आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. पण आपल्याच निर्देशांकाच्या पुस्तिकेत १०१ ते २०० या ‘मध्यम’ पट्ट्यापुढे लिहिले आहे की फुप्फुसाचे विकार, दमा आणि हृदयविकार असलेल्यांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो. म्हणजे बाकीच्यांसाठी जो मध्यम, तो दमेकरी मुलासाठी त्रासाचा, हे सरकारी कागदच सांगतो. आणि आपले वार्षिक मानक पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५. मधल्या पट्टीत सोलापूर कुठेही बसले तरी निश्चिंत राहण्यासारखे काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : दमा आनुवंशिक असतो, हवेला कशाला दोष? दम्याची प्रवृत्ती घराण्यातून येते हे खरे. प्रत्येक दमेकरी मूल प्रदूषणामुळेच आजारी पडले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. सर्दीचे विषाणू, गाजरगवताचे पराग, घरातली धूळ हीही कारणे आहेतच. परंतु प्रवृत्ती असलेल्या मुलाला झटका कधी आणि किती जोराचा येईल, हे हवा ठरवते. लंडनमध्ये एला ॲडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. घर रहदारीच्या साउथ सर्क्युलर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. आई वर्षानुवर्षे झगडली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत दम्याबरोबर ‘वायुप्रदूषण’ असे लिहिले. उलट बाजूचा पुरावा दक्षिण कॅलिफोर्नियाचा. तिथे दोन दशके नियम कडक होत गेले, हवा सुधारली, आणि पंधराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद अपेक्षेहून बरीच कमी असणाऱ्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. मुलांची जनुके वीस वर्षांत बदलली नव्हती.

‘मातीत खेळू द्या, मुले काटक होतात’ हेही ऐकायला मिळते. गोठ्याच्या, शेताच्या सहवासात वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी, असे युरोपातल्या अभ्यासांत दिसले आहे. ते श्रेय गोठ्यातल्या जंतूंचे आहे. डिझेलच्या धुराने कुणी काटक झाल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसरी रिकामी जागा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के भारतात. या दोन आकड्यांमधली दरी हवेने पडलेली नाही, ती निदान आणि औषध वेळेवर न मिळाल्याने पडली आहे. भारतातल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना वर्षभरात छातीत घरघर झाली होती त्यांतल्या ८२ टक्क्यांचे दम्याचे निदानच झालेले नव्हते. कागदावर काय असते? ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’, ‘सर्दी-खोकला’, ‘छातीत कफ’. कधी ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ म्हणजे बालक्षय ठरवून सहा महिने क्षयाची औषधे. यात डॉक्टरांची चूक असते तशीच पालकांची गळही असते. मुलीच्या कागदावर दमा नको, पुढे लग्नाला अडचण. मुलाच्या हातात पंप (इनहेलर) नको, सवय लागेल. दर मृगाला हैदराबादला औषध भरलेला जिवंत मासा गिळायला रांगा लागतात, सोलापूरहून रेल्वे सोयीची आहे. त्या औषधाला शास्त्रीय आधार नाही. पण मृगाचा पाऊस पडला की धूळ बसते, हवा धुतली जाते, आणि श्रेय माशाला मिळत असावे.

पंपाच्या भीतीवर उपाय म्हणजे हिशेब. आवळलेल्या नलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट नलिकेत जाते. त्याच औषधाच्या २ मिलिग्रॅम गोळीत किंवा तेवढ्या सिरपात २००० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस पट, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात. म्हणून सिरपने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि आराम उशिरा पडतो. स्टेरॉइडचेही तसेच : रोजचा फवारा शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमचा, तर झटक्यात तोंडाने दिलेली मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजायची. फवाऱ्याने उंची साधारण एक सेंटीमीटरने कमी भरू शकते, हे लपवायचे कारण नाही. वारंवार झटके आणि वारंवार गोळ्या यांची किंमत त्याहून कितीतरी मोठी.

पंप मिळूनही गुण येत नाही, त्यामागे बहुतेक वेळा पद्धत चुकलेली असते. नुसता पंप तोंडात मारला तर औषध जिभेवर आणि घशात बसते. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचे पोकळ नळकांडे, हवाच, चार-पाच वर्षांखालच्या मुलाला मास्क लावलेला. पंप हलवायचा, एक फवारा, पाच-सहा संथ श्वास, अर्धा मिनिट थांबायचे, पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारले की बरेच औषध वाया. स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर चूळ. बऱ्याच पंपांत मोजून २०० फवारे असतात. रोज दोन वेळा दोन-दोन घेतले तर पन्नास दिवस. त्यानंतरही ‘फुस्स’ आवाज येतो, पण तो नुसत्या वायूचा. डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी.

स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची शीतपेयाची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये मुलांवर तपासून पाहिले, तेव्हा नीट केलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. पंपाच्या तोंडाच्या आकाराची तार वाकवायची, तापवायची, बाटलीच्या बुडाला दाबून तेवढेच भोक पाडायचे, पंप घट्ट बसवून फट चिकटपट्टीने बुजवायची. मूल बाटलीच्या तोंडाला ओठ लावते. फसते ते दोन ठिकाणी : भोक मोठे होते आणि औषध बाहेर निसटते, किंवा कोरी बाटली तशीच वापरतात आणि प्लॅस्टिकवरच्या स्थिर विजेने औषध आतल्या भिंतीला चिकटते. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता सावलीत निथळत ठेवायची. फडक्याने पुसले की वीज पुन्हा तयार.

झटक्यात मात्र घरगुती प्रयोग लांबवू नयेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले फवारे देऊनही मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध सोडत असेल, तर फवारे देत-देतच रुग्णालय गाठायचे.

हे घराचे झाले. सार्वजनिक प्रश्न असा की दोन्ही रिकाम्या जागा भरायला नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. तपासायच्या आजारांच्या यादीत ‘रिॲक्टिव्ह एअरवे डिसीज’ म्हणजे दमा-घरघर आधीपासून आहे. दात आणि डोळे बघून पथक पुढे सरकते, कारण घरघर तपासणीच्या दिवशी असेलच असे नाही. म्हणून स्टेथोस्कोपवर विसंबून न राहता पालकांना तीन प्रश्न विचारावेत : वर्षभरात छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, रात्री खोकल्याने जाग आली का, पळाल्यावर धाप लागून थांबावे लागले का. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत. पूर्व भागात नुसता मराठी कागद पाठवून उत्तरे येणार नाहीत.

हवेच्या बाजूने, प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेच्या फाटकावर स्वस्तातला लेझर सेन्सर, एक ते सव्वा मीटर उंचीवर, पत्र्याच्या छोट्या छपराखाली. मात्र हे सेन्सर आधी दोन-तीन आठवडे मंडळाच्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून ताडून घ्यावे लागतात. पावसाळ्यात दमट हवेत ते जास्त आकडा दाखवतात. जाड धुळीचा त्यांचा आकडा तर बहुतांशी अंदाजच असतो, त्यामुळे सोलापुरात त्यांच्या पीएम १० वर भरवसा ठेवू नये, पीएम २.५ चा तासातासाचा चढउतार पाहावा. आकडा हवा तो सकाळी सात ते दहा आणि सुटण्याच्या तासाचा. तो दिवसभराच्या सरासरीत मिसळायचा नाही.

फाटकापासून १०० मीटरच्या आत इंजिन बंद, रिक्षा-व्हॅनचा थांबा त्या पलीकडे, शाळा भरताना आणि सुटताना जड वाहनांना त्या रस्त्यावर मज्जाव. मोठ्या रस्त्यावरच्या धुरातले सर्वांत बारीक कण तीनशे मीटरपर्यंत जाईतो जवळपास आसपासच्या हवेइतके खाली येतात; म्हणून नव्या शाळेला परवानगी देताना महामार्गापासूनचे अंतर हा रकाना नकाशावर असायलाच हवा. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंड हा हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहेच. तो सफाईच्या ठेक्यालाही लागू होतो, हे ठेकेदाराच्या करारात लिहावे.

आणि एक वही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि महापालिकेचे दवाखाने यांनी पंधरा वर्षांखालच्या मुलाला दिलेल्या प्रत्येक नेब्युलायझेशनची, म्हणजे मास्कमधून दिलेल्या औषधाच्या वाफेची, नोंद चार रकान्यांत करायची : तारीख, वय, प्रभाग, कितवी वेळ. नाव नको. जूनमध्ये शाळा उघडताना पहिले पान सुरू केले, तर डिसेंबरअखेर सहा महिन्यांच्या नोंदी फाटकांवरच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, होम मैदानाची धूळ, शोभेचे दारूकाम आणि थंडीचे झाकण एकाच आठवड्यात येते, तेव्हा कोणत्या प्रभागातल्या दवाखान्यात मास्क आणि पंप जास्त ठेवायचे, ते त्या वहीवरून ठरवता येईल.